आतली कड

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात न्यू जर्सीतल्या कुठल्याही टायरच्या दुकानात उभं राहा, एक दृश्य हमखास दिसतं. लिफ्टवर एखादी बुटकी, दोन दारांची गाडी चढवलेली असते. मालक खाली उभा, हातात कॉफी. बाहेरून बघितलं तर टायरची नक्षी चांगली शाबूत आहे आणि ‘अजून एक हिवाळा निघेल की’ असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं आहे. मग मेकॅनिक चाक उतरवतो, उलटं करतो आणि काही न बोलता आतल्या कडेकडे बोट दाखवतो. तिथे रबर संपलेलं असतं. दोन बोटं रुंदीचा पट्टा पार गुळगुळीत, आणि त्याच्या काठाशी पोलादी तारांची बारीक, विस्कटलेली, किंचित गंजलेली टोकं. त्यावरून हात फिरवला तर कापतो, म्हणून नुसतं दाखवायचं. त्याच टायरवर, चार-पाच इंच पलीकडे, निम्मी नक्षी शिल्लक असते. मालक आधी वाकून बघतो, मग पुन्हा बाहेरची बाजू बघतो, आणि पुढच्या मिनिटाला फोन काढून ‘बेस्ट ऑल-सीझन टायर’ शोधायला लागतो.

खटकतं ते हे शेवटचं. टायर कशानं मेला ते न विचारताच नव्याची खरेदी सुरू. हजारभर डॉलर मोजून तो चार नवे टायर घेऊन जाईल, आणि आतल्या बाजूला ज्या कारणानं तारा निघाल्या ते कारण गाडीबरोबर तसंच घरी जाईल.

स्पोर्ट्‌स कारची चाकं वरच्या बाजूला मुद्दाम थोडी आत झुकवलेली असतात. वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला कलते, तेव्हा भार पडलेलं चाक उभं व्हावं आणि टायर पूर्ण रुंदीनं रस्त्याला टेकावा, हा त्यामागचा हेतू. हा झाला निगेटिव्ह कॅम्बर. सरळ रस्त्यावर मात्र त्यामुळे आतल्या कडेवर भार जास्त पडतो, आणि आपल्या मंडळींचं बहुतेक ड्रायव्हिंग टर्नपाइकवर, म्हणजे टोलच्या महामार्गावर, नाकासमोर असतं. तरीही कॅम्बर एकटा इतक्या लवकर टायर खात नाही. खरा खादाड टो. वरून बघताना दोन चाकं एकमेकांना समांतर नसली की प्रत्येक फेऱ्यात टायर थोडासा आडवा घासला जातो. फरक मिलिमीटरभराचा, पण तो मैलोन् मैल चालू राहतो, आणि कॅम्बरमुळे जिथे भार आहे नेमकी तीच कड घासली जाते. एखादा जबरी खड्डा, फुटपाथला लागलेलं चाक, किंवा गाडी खाली बसवायला म्हणून बदललेल्या स्प्रिंगा, यांतलं काहीही टो बिघडवायला पुरतं.

हे ओळखायला यंत्र लागत नाही. नक्षीवरून तळहात आडवा फिरवा, एकदा आतून बाहेर, एकदा बाहेरून आत. एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं खरखरीत लागलं तर टो बिघडलाय. दोन्हीकडून गुळगुळीत, पण आतली कड खाली गेलेली असेल तर कॅम्बर. फक्त मधला पट्टा झिजलाय, तर हवा जास्त भरली जात होती. दोन्ही कडा झिजल्यात तर हवा कमी होती, किंवा चालवणारा वळणांवर दयामाया दाखवत नव्हता. पुढच्या टायरची फक्त बाहेरची कड गोल झाली असेल तर तो मनुष्य बहुधा वेग न उतरवता वळणात शिरतो आणि मग स्टीअरिंग आणखी फिरवत बसतो. हाताला खळगे-उंचवटे लागले तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर थकलेत. नवे टायर बसवले तरी काही महिन्यांत तेच खळगे पुन्हा उमटतील. या प्रत्येक बाबतीत आधी गाडी, मग टायर. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे हे कोन जुळवणं, मात्र नवे टायर चढल्यावर, हवा नीट भरून करायची, आणि मोजमापाचा छापील कागद मागून घ्यायचा. ‘हो, झालं’ एवढ्यावर पैसे द्यायचे नाहीत.

फार थोडे लोक हा तळहात फिरवतात.

आता ऑल-सीझनकडे वळू. हा अमेरिकन संसाराचा टायर. १९७७ साली गुडइयरनं टीएम्पो आणला तेव्हापासून हे नाव रुळलं, कारण दर नोव्हेंबरला बर्फाचे टायर चढवा आणि एप्रिलला उतरवा या कटकटीला लोक कंटाळले होते. सेडान आणि व्हॅनवाल्यांनी तो लगेच स्वीकारला. स्पोर्ट्‌स कारवाल्यांच्या पंक्तीत मात्र त्याला फार काळ पाट मिळाला नाही. उन्हाळ्यात समर टायरइतकी पकड नाही, हिवाळ्यात विंटर टायरइतकी नाही, म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या, असा शेरा अजूनही ऐकू येतो. शेरा अगदीच खोटा नाही. पण शेवरलेनं २०२० ची मिड-इंजिन कॉर्व्हेट आणली तेव्हा साध्या आवृत्तीवर कारखान्यातूनच मिशेलिनचे ऑल-सीझन रन-फ्लॅट (हवा गेली तरी काही अंतर चालणारे) टायर बसून आले, पुढे २४५/३५ झेडआर १९ आणि मागे ३०५/३० झेडआर २०. (पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये; दुसरा बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या टक्क्यांत; शेवटचा रिमचा व्यास, इंचांत.) ज्याला समर टायर हवेत त्यानं झेड५१ पॅकेज घ्यावं. कंपनीला आपलं गिऱ्हाईक ठाऊक होतं. ती गाडी रेसट्रॅकवर जाणाऱ्यांपेक्षा नोव्हेंबरमध्ये ऑफिसला नेणारे जास्त.

समर टायर हे नावच थोडं दिशाभूल करतं, कारण वर्ज्य आहे ती थंडी. पावसात तो उत्तम चालतो. त्याचं रबर उबदार रस्त्यावर चिकटावं म्हणून बनवलेलं असतं. पारा ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेला की ते हळूहळू ताठ होत जातं, डब्यातल्या तुपासारखं, आणि रस्त्याच्या बारीक खडबडीत शिरून धरायची त्याची ताकद जाते. उणे ७ च्या खाली गाडी हलवूसुद्धा नका, नक्षीच्या ठोकळ्यांना तडे जाऊ शकतात, असं गाडी आणि टायर बनवणारे स्वतःच बजावतात, आणि ते तडे वॉरंटीत बसत नाहीत. जर्सीत जानेवारीची पहाट शून्याखाली असणं हे रोजचंच. तेव्हा रस्ता कोरडा ठणठणीत असला, बर्फाचा कण नसला, तरी रॅम्पवरून महामार्गाला लागताना मागची चाकं दुसऱ्या गिअरमध्येही फिरू शकतात. गाडीत काही बिघडलेलं नसतं, टायर थंड असतो एवढंच.

ऑल-सीझनमध्ये रबराचं मिश्रण वेगळं असतं, ते थंडीतही लवचिक राहतं. शिवाय नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यात सुरीनं चिरल्यासारख्या बारीक फटी असतात, त्यांना साइप म्हणतात. बर्फात त्या उघडतात, बर्फ धरतात आणि बर्फ बर्फाला चिकटतो. त्याची किंमत जुलैत मोजावी लागते. तेच फटींनी विभागलेले, मऊ ठोकळे तापलेल्या डांबरावर जोराच्या वळणात वाकतात. स्टीअरिंग फिरवलं की पहिल्या दोन-चार अंशांत काहीच घडत नाही असं वाटतं. मग ठोकळे वाकून संपतात आणि गाडी वळते. समर टायरवरून थेट ऑल-सीझनवर आलेल्या माणसाला आधी हा पोकळपणाच जाणवतो. पकड किती कमी झाली हे नंतर, एखाद्या घट्ट वळणावर कळतं. उलट एक गोष्ट बऱ्याच जणांना आवडूनही जाते: हे टायर सुटतात ते सावकाश, आधी सांगून. टोयोटाची जीआर८६ घ्या. तिच्या आधीच्या पिढीत, म्हणजे सायन एफआर-एस आणि सुबारू बीआरझेडच्या वेळी, कंपनीनं मुद्दाम मिशेलिनचे साधे प्रायमसी एचपी टायर दिले होते, आणि लोकांनी ‘प्रियसचे’, म्हणजे टोयोटाच्याच इंधन वाचवणाऱ्या हायब्रिडचे, ‘टायर’ म्हणून त्यांची टर उडवली. पण कमी पकड, कमी वेगात मजा, हे त्या गाडीचं गणितच होतं. २२८ अश्वशक्तीच्या हलक्या गाडीला एक चांगला ऑल-सीझन तितकासा विजोड नाही, असं माझं मत आहे. साडेचारशे अश्वशक्तीच्या मस्टँगबद्दल ते मी देणार नाही.

तेव्हा निवडीचा पहिला प्रश्न ब्रँडचा नाही, तुमच्या गावच्या सर्वांत थंड पहाटेचा आहे. फ्रीमाँट किंवा सनीव्हेलमध्ये राहता आणि गाडी फक्त तिथेच फिरते, तर समर टायर बारा महिने चालतील. केवळ ‘सगळे ऋतू’ या शब्दाला भुलू नका. डॅलस, अटलांटा, शार्लट, आणि गाडी रोजची एकुलती एक असेल तर जर्सीसुद्धा, हा ऑल-सीझनचा खरा मुलूख. मिनिआपोलिस, बफेलो किंवा टोरांटोला ही गाडी हिवाळ्यात बाहेर काढणार असाल तर विंटर टायरचा वेगळा संच, शक्यतो वेगळ्या रिमवर, याला पर्याय नाही. आणि घरात दुसरी गाडी असेल, तर मला विचाराल तर समर टायरच ठेवा, ही गाडी डिसेंबर ते मार्च गॅरेजमध्ये झाका आणि बर्फात ती दुसरी हाका.

मुंबई-पुण्याकडून यात एक वेगळाच प्रश्न येतो. आपल्याकडे पाऊस इतका, तर स्पोर्ट्‌स कारला ऑल-सीझन बरे नाहीत का? नाहीत. आपला पाऊस उबदार. खंडाळ्याच्या घाटात जुलैत पाणी कितीही वाहू दे, रस्ता ७ अंशांपर्यंत थंड होत नाही. थंडीसाठी मऊ ठेवलेलं रबर घ्यायचं आणि मेच्या डांबरावर ते झिजवायचं, यात हाती काही लागत नाही. पाण्यासाठी हवे ते रुंद उभे चर आणि भरपूर खोली, आणि त्या दोन्ही चांगल्या समर टायरमध्ये असतात. शिवाय जून २०२० पासून भारतात टायरची आयात परवान्याखाली गेली आहे, त्यामुळे विचित्र मापांच्या बाबतीत जे मिळेल ते, आणि किती जुनं आहे ते बघून, हाच व्यवहार होऊन बसलाय.

ऑल-सीझन या एका नावाखाली तीन वेगळ्या जाती विकल्या जातात. पहिली टूरिंगची: आवाज कमी, आयुष्य जास्त, वळणात ढिली. ही स्पोर्ट्‌स कारला लावली की गाडी कायम मोजे घालून चालतेय असं वाटतं, टाळा. दुसरी अल्ट्रा हाय परफॉर्मन्स ऑल-सीझन, आपलं काम हिच्याशी. मिशेलिन पायलट स्पोर्ट ऑल सीझन ४ आणि कॉन्टिनेन्टल एक्स्ट्रीमकॉन्टॅक्ट डीडब्ल्यूएस०६ प्लस ही यातली दोन नावं प्रत्येक दुकानदाराच्या तोंडी असतात. तिसरी ऑल-वेदर: हिच्या साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असतं, मिशेलिनचा क्रॉसक्लायमेट २ हे त्याचं परिचित उदाहरण. बर्फात ती दुसरीपेक्षा सरस, कोरड्या वळणात आणखी मऊ.

त्या डोंगराच्या चिन्हात आणि नुसत्या ‘एम+एस’ (मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ) अक्षरांत फरक आहे. एम+एस हे नक्षीच्या रचनेवरून, म्हणजे चर किती आणि कसे आहेत यावरून, कंपनी स्वतःच छापते; त्यासाठी बर्फावर चाचणी द्यावी लागत नाही. डोंगरासाठी दाबलेल्या बर्फावर चाचणी असते आणि ठरलेल्या संदर्भ-टायरपेक्षा निदान दहा टक्के जास्त पकड दाखवावी लागते. तीही अमेरिकी पद्धतीत वेग घेतानाची पकड. ब्रेकची नाही, काचेसारख्या गोठलेल्या पाण्याची तर मुळीच नाही. स्टुटगार्ट-म्युनिकला असलेल्यांनी तर हे पक्कं लक्षात ठेवावं, कारण जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी रस्त्यांसाठी नुसतं एम+एस चालत नाही, डोंगर लागतो. कॅलिफोर्नियात एम+एस अजून चालतं, पण एक पाचर आहे. डोंगरातल्या टाहो सरोवराच्या वाटेवर चाकांना साखळ्या बांधायचा नियम लागू झाला की ‘बर्फाचा टायर’ म्हणून मान्य व्हायला खोली किमान ६/३२ इंच हवी.

अमेरिकेत टायरची खोली बत्तीसांश इंचात मोजतात. या जातीचा नवा टायर साधारण १० चा. २ ला कायद्यानं बाद, म्हणजे १.६ मिलिमीटर, भारतातही तोच आकडा. आता हिशेब करा. दहापासून दोनपर्यंत आठ बत्तीसांश झिजायला मिळतात. बर्फाची लायकी सहाला संपली. म्हणजे निम्मं आयुष्य उरलेलं असताना तो टायर ऑल-सीझन राहिलेला नाही, पावसाळी आणि कोरड्या दोनच ऋतूंचा झालाय. चारपाशी पावसातही जपून राहायचं. कॉन्टिनेन्टलनं हे टायरवरच कोरून ठेवलंय. नक्षीत डी, डब्ल्यू, एस अशी अक्षरं आहेत, कोरडा, ओला, बर्फ यांची आद्याक्षरं. झिजत जाताना आधी एस पुसला जातो, मग डब्ल्यू, शेवटी डी. विकणाऱ्यानंच ‘आता हा बर्फात नेऊ नका’ असं मालावर लिहून द्यावं, हा प्रामाणिकपणा मला फार भावतो. बाकीच्यांच्या बाबतीत काही डॉलरचा खोली मोजायचा गेज घ्या आणि आत, मध्ये, बाहेर अशा तीन ठिकाणी मोजून आकडे लिहून ठेवा. दुकानदार सांगतो तो आकडा बहुधा मधला असतो.

साइडवॉलवरच्या बाकीच्या लिखाणात दोन गोष्टी लोक उगीच डोक्यावर घेतात आणि दोन महत्त्वाच्या सोडून देतात. डोक्यावर घेतात तो ट्रेडवेअर, म्हणजे नक्षी किती टिकेल त्याचा आकडा, आणि त्याच्या शेजारचं ‘एए’. मिशेलिनच्या पायलट स्पोर्ट ४एस या समर टायरवर ३००, पायलट स्पोर्ट ऑल सीझन ४ वर ५४०, डीडब्ल्यूएस०६ प्लसवर ५६०. टेक्सासमधल्या सॅन अँजेलोजवळ ४०० मैलांच्या ठरलेल्या सार्वजनिक रस्त्यावर गाड्यांचा ताफा ७,२०० मैल पळवतात, १०० क्रमांकाच्या संदर्भ-टायरशी झीज ताडतात, आणि मग आकडा द्यायचा तो कंपनीनं. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरची तुलना या आकड्यावर करावी. दोन कंपन्यांत ५४० आणि ५६० चा फरक म्हणजे काहीच नाही. शेजारचं ‘एए’ हे ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेक लावल्याचं प्रमाण आहे, वळणाशी त्याचा संबंध नाही. वॉरंटीचे मैलही असेच वाचायचे. मिशेलिनचे ४५,००० आणि कॉन्टिनेन्टलचे ५०,००० मैल वाचून हुरळू नका. भरपाई मिळते ती उरलेल्या मैलांच्या प्रमाणात, टायर वेळच्या वेळी फिरवल्याच्या (पुढचे मागे, मागचे पुढे केल्याच्या) पावत्या लागतात, आणि आतली कड खाल्लेला टायर घेऊन गेलात तर अलाइनमेंटकडे बोट दाखवून परत पाठवतात. मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतील तर ते पुढे फिरवताच येत नाहीत, म्हणून मागच्यांची मैलांची हमी बहुधा निम्मी धरली जाते. बारीक अक्षरांत असतं ते.

सोडून देतात ते लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलेल ते सांगणारा भारांक, आणि बनवल्याची तारीख. जीआर८६ चं १८ इंची माप २१५/४० आर १८, त्यावर मूळ टायरचा भारांक ८५, म्हणजे एका टायरला ५१५ किलो. बदली टायर बहुधा एक्सएल (एक्स्ट्रा लोड, जादा भाराचा) मिळतो, ८९ चा, ५८० किलोचा. वर गेलात तर चालतं, खाली कधीच जायचं नाही. वेगाचं अक्षर मूळच्या वायवरून डब्ल्यू किंवा व्ही झालं तरी ती मर्यादा ताशी २७० आणि २४० किलोमीटरची आहे; तिथवर पोचण्याआधी पोलीस पोचतील. पण व्ही टायरचा सांगाडा बहुधा जरा ढिला असतो, म्हणून दोन्ही मिळत असतील तर डब्ल्यू घ्यावा. तारीख साइडवॉलवर ‘डीओटी’ (अमेरिकेचं वाहतूक खातं) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतल्या शेवटच्या चार आकड्यांत असते. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. पूर्ण ओळ टायरच्या एकाच बाजूला असते, म्हणून टायर रिमवर चढण्याआधीच बघून घ्यायची. कॅमरीच्या मापाचे टायर दुकानात टिकत नाहीत, पण २१५/४० आर १८ किंवा माझदा मियाटाचं १९५/५० आर १६ असलं माप कधी कधी दोन-तीन वर्षं मांडणीवर बसून असतं. चारही टायर एकाच सुमाराचे, वर्षाच्या आतले मागावेत, आणि नाही म्हटलं तर सरळ उठावं.

माप दुर्मिळ म्हटल्यावर दुकानदार ठरलेली पुडी सोडतो: ‘२२५/४० आर १८ घ्या, भरपूर मिळतात.’ बसतात खरे. पण मूळ व्यास ६२९ मिलिमीटर, याचा ६३७, म्हणजे सव्वा टक्का मोठा. स्पीडोमीटर तेवढा कमी दाखवणार, गिअर तेवढे लांबल्यासारखे वाटणार. शिवाय कारखान्याची रिम साडेसात इंची, आणि साडेसात ही त्या मापाच्या टायरची किमान मर्यादा. टायर रिमपाशी दोन्ही बाजूंनी चिमटला जातो आणि साइडवॉल फुगते. आधीच स्टीअरिंगला ढिला असलेला ऑल-सीझन आणखी ढिला करायचा, वर वजनही वाढवायचं. दहा मिलिमीटर रुंदीसाठी हा सौदा मी करणार नाही. मूळ मापाची दोन आठवडे वाट बघेन.

आणि चार म्हणजे चार. पुढे ऑल-सीझन, मागे उरलेले समर, ही काटकसर थंड पहाटे गाडी गोल फिरवते: पुढची चाकं धरतात, मागची नाहीत. दोनच टायर बदलायची वेळ आली तर तोच ब्रँड, तेच मॉडेल, आणि नवे दोन मागे. पुढचे घसरले तर गाडी सरळ जाते आणि पाय उचलला की बहुधा सावरते. मागचे घसरले तर सावरायला सराईत हात लागतो.

परीक्षणं वाचताना मी फार भाबडेपणा ठेवू नका म्हणेन. गाडी कुठली, माप कुठलं, चाचणीच्या दिवशी तापमान किती, हे आधी बघायचं. पंधरा अंशांवरच्या ओल्या चाचणीत ऑल-सीझन समरच्या बरोबरीला येतो म्हणून तो तीस अंशांवर येईल असं नाही. बहुतेक चाचण्या कोऱ्या टायरवर होतात. तुम्ही मात्र त्याच्यावर चार वर्षं फिरणार, त्यातली तीन अर्ध्यामुर्ध्या झिजलेल्या नक्षीवर. पाण्यावर तरंगण्याचं गणित तर नक्षीच्याही पलीकडचं आहे. नासाच्या संशोधनातून आलेलं एक जुनं सूत्र आहे: हवेच्या दाबाचं (पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला पौंड, यात मोजलेल्या) वर्गमूळ गुणिले १०.३५, म्हणजे तरंगण्याचा वेग ताशी मैलात. ३६ पीएसआयला तो येतो ६२ मैल, शंभर किलोमीटर. हे सूत्र विमानांच्या टायरवरून आलं, साचलेल्या खोल पाण्यासाठी आहे आणि नव्या चरांचा फायदा त्यात धरलेला नाही. पण हवा कमी झाली की तो वेगही खाली येतो, हे त्यातून स्वच्छ दिसतं.

आणि हवा कमी होतेच. पारा १० अंश फॅरनहाइट उतरला की साधारण १ पीएसआय गेला. सप्टेंबरात ८० अंशांवर ३५ भरली, जानेवारीत २० अंशांची सकाळ उजाडली, की शिल्लक २९. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागतो तो ठरलेल्या दाबापेक्षा पंचवीस टक्के खाली गेल्यावर, म्हणजे २६ च्या आसपास. सहा पीएसआय गायब आणि दिवा गप्प. मग लोक म्हणतात ऑल-सीझन हिवाळ्यात डगमगतात. दाराच्या चौकटीवर छापलेला आकडा, सकाळी गाडी हलवण्याआधी, थंडीत दर महिन्याला तपासायचा. साइडवॉलवर छापलेला कमाल दाब हा भरायचा आकडा नव्हे.

बसवताना दुकानात उभं राहायचं, भिडस्तपणा करायचा नाही. यातले बरेच टायर असममित नक्षीचे, ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेर आलीच पाहिजे. घाईत एखादा उलटा चढतो आणि महिनोन् महिने कुणाच्या लक्षात येत नाही. चारही चाकांवर तो शब्द वाचून मगच पावती घ्या. बुटक्या साइडवॉलचा टायर चढवताना व्हॉल्व्हमागचा दाबाचा सेन्सर तुटू शकतो, म्हणून त्या बाजूला टायर उचकटायची लोखंडी पट्टी लावू नका असं आधीच सांगा. बॅलन्सिंग रोड-फोर्स मशिनवर, म्हणजे रस्त्यासारखा भार देऊन चाक तपासणाऱ्या यंत्रावर, करणारं दुकान मिळालं तर थोडे जास्त द्या. साठ-सत्तर मैलांवर स्टीअरिंगला येणारी ती बारीक थरथर पुष्कळदा नुसत्या वजनांनी जात नाही, टायर रिमवर थोडा फिरवून बसवला की जाते. कोऱ्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या वंगणाचा अंश असतो, त्यामुळे पहिले ५०० मैल पावसात आणि रॅम्पवर बेतानं.

नटांना शेवटचा पीळ हवेच्या गननं द्यायचा नाही. टॉर्क रेंचनं, ताऱ्याच्या क्रमानं. जीआर८६ ला १२० न्यूटन-मीटर, दुसऱ्या गाडीला तिच्या पुस्तकात असेल तो. पन्नास-शंभर मैलांनी पुन्हा तोच रेंच लावायचा, आणि त्याच दिवशी आतल्या कडेची खोली मोजून पहिला आकडा वहीत टाकायचा. पाच हजार मैलांनी टायर फिरवायला जाल तेव्हा आतला आकडा बाहेरच्यापेक्षा भरभर उतरताना दिसला, तर तो अलाइनमेंटचा छापील कागद घेऊन दुकानदाराकडे जा. तेव्हा वाचवण्यासारखं रबर अजून बरंच शिल्लक असेल.